गोलसमोरच्या बर्फात गोठलेली वरची कवळी काढून मिळणेबाबत

प्रति,
मा. क्रीडा व मनोरंजन अधिकारी (केंड्रा विबे),
नगर कार्यालय, डकेट, सस्कॅचेवान.

विषय : नगराच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये उत्तरेकडील गोलसमोर, बर्फाखाली असलेली अर्जदाराची वरची कवळी येत्या रविवारच्या टर्कीच्या जेवणापूर्वी काढून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा याच विषयावरील पहिला अर्ज. २) त्यावरील आपले उत्तर, "बर्फ एप्रिलमध्ये वितळतो." ३) माझा दुसरा अर्ज. तो थोडा रागात लिहिला गेला, त्याबद्दल दिलगीर आहे.

महोदया,

१. मी खाली सही करणार ऑर्विल हॅलिक, धान्याच्या कोठारावरून निवृत्त, 'ग्रे गीज' या साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांच्या आइस हॉकी संघात बचावाला खेळतो. या हंगामासाठी मी उन्हाळाभर केलेली तयारी आपणास ठाऊक असावी, कारण तिच्याविरुद्धच्या तक्रारी आपल्याच कार्यालयात दाखल आहेत. गुडघे बळकट व्हावेत म्हणून मी बेसबॉलच्या मैदानावरील प्रेक्षकांच्या पायऱ्या रोज सकाळी चढत-उतरत होतो. हॉकीचे सामान अंगणातल्या दोरीवर वाळत घातले होते, आणि त्या वासाने शेजाऱ्यांचा कुत्रा घर सोडून गेला हे खरे आहे. तो परत आला आहे. तोल सुधारावा म्हणून मी बटाटे एका पायावर उभा राहून सोलतो. डॉक्टरांनी मला खेळण्यास योग्य ठरवले आहे. तेव्हा या अर्जाच्या मुळाशी माझा निष्काळजीपणा आहे असे कृपया समजू नये. मुळाशी सवय आहे.

२. सदर सवय अशी की, रिंकच्या कठड्याचे फाटक उघडून बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी मी वरची कवळी काढतो. आमच्या संघातले निम्मे लोक काढतात. तरुणपणी हॉकीची चकती तोंडावर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. सप्टेंबरअखेर, बर्फावर रेषा रंगवण्याच्या संध्याकाळी, आम्ही स्वयंसेवक दरवर्षीप्रमाणे जमलो. त्या दिवशी खेळायचे नव्हते, फक्त गुडघ्यावर बसून गोलसमोरचा निळा अर्धगोल रंगवायचा होता. तरीही फाटक उघडताना माझा हात आपोआप तोंडाकडे गेला आणि कवळी सदऱ्याच्या खिशात गेली. पुढे वाकल्यावर ती तिथून कधी निसटली, मला कळले नाही. वीज वाचवण्यासाठी अर्धेच दिवे लावले होते. हा आपल्याच कार्यालयाचा आदेश होता. पांढऱ्या रंगवलेल्या बर्फावर पांढरे दात कोणाला दिसणार? हिरडीचा भाग तेवढा बर्फ घालणाऱ्या ड्युएन पेट्रिशला दिसला. तो म्हणतो, "मला वाटलं लाल रंगाचा थेंब सांडलाय. म्हटलं, असू दे, खेळताना रक्त सांडलं तर त्यात खपून जाईल." आणि त्याने पाण्याचा फवारा मारला. एकावर एक थर देण्यात तो किती चोख आहे, हे आपण जाणताच.

३. आपण पहिल्या उत्तरात संयमाचा सल्ला दिलात. दुसरे उत्तर आपण तोंडी दिलेत, तेही सहकारी दुकानात, सर्वांसमोर : "ऑर्विल, हरवलेली वस्तू नगराच्या ताब्यात सुरक्षित ठेवायची असा नियम आहे. तुमची वस्तू नगराच्या ताब्यातच आहे आणि इतकी सुरक्षित आजवर कुठलीच नव्हती." दुकानातले लोक हसले. मीही हसलो असतो, पण ते दिसायला बरे दिसले नसते.

४. दरम्यान परिस्थिती हाताबाहेर चालली आहे. लहान मुलांच्या स्केटिंगच्या वर्गात आता कोणी स्केटिंग शिकत नाही. सगळी पोटावर आडवी पडून खाली बघत बसतात. पडलेल्या दाताच्या बदल्यात नाणे देणाऱ्या दातांच्या परीच्या वतीने एका मुलीने तिथे नाणे ठेवले. ते ड्युएनच्या बर्फ तासण्याच्या यंत्राने घासले गेले आणि यंत्राचे पाते वाकले. मागच्या सराव सामन्याला माल्टबीचा संघ आला होता. त्यांच्या कर्णधाराने बर्फात डोकावून पाहिले आणि आमची गोलकीपर समोर उभी असताना म्हणाला, "गोलकीपर बदलली वाटतं? ही हसते तरी." आमची गोलकीपर म्हणजे आपल्या मातोश्री, वर्ना विबे. त्यांनी पुढे काय केले ते पंचांच्या अहवालात आले आहे, मी पुनरुक्ती करत नाही.

५. नवी कवळी करून घ्या, असे आपण म्हणाल. शहरातल्या दंततंत्रज्ञांकडे नाताळानंतरची तारीख मिळते. माझ्याकडे एक जुनी कवळी आहे. ती घालून मी बोलण्याचा सराव केला, पण दुसऱ्याच वाक्याला ती खाली येते आणि टाळी वाजवल्यासारखा आवाज होतो. मी करू इच्छितो त्या भाषणात टाळ्या मधेच वाजून चालणार नाही.

६. येथे मला मूळ कारणाकडे यावे लागत आहे. हा परिच्छेद आपण अधिकारी या नात्याने वाचावा, कन्या या नात्याने वाचू नये, आणि तो गोपनीय ठेवावा ही विनंती. येत्या रविवारी चर्चच्या सभागृहात सुगीच्या सणाचे टर्कीचे जेवण आहे. वर्ना तिथे दरवर्षीप्रमाणे पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढायला उभ्या राहतील. जेवण आटोपले की मी त्यांना लग्नाचे विचारणार आहे. माझी पत्नी गेल्यानंतर मला हिवाळा नकोसा झाला होता. आता मी जुलैपासून हिवाळ्याची वाट बघतो, आणि त्याचे कारण हॉकी आहे असे मी इतकी वर्षे सगळ्यांना सांगत आलो. ते पूर्ण खरे नाही. उन्हाळाभर मी पायऱ्या चढलो, कारण वर्नांच्या पुढे बचावाला उभे राहायचे तर माणूस उभा तरी राहिला पाहिजे. मला त्या फार आवडतात. असा प्रश्न बोळक्या तोंडाने विचारावा इतका निर्लज्ज मी नाही. त्यांनी हसून नकार दिला तर मला सोसेल, पण मी काय बोललो ते कळले नाही म्हणून नकार आला तर उरलेला जन्म मी त्या बर्फाकडे बघत काढीन.

७. तरी ड्युएनला करवत आणि गरम पाण्याची बादली घेऊन गोलसमोरचा हातभर बर्फ कापण्याची लेखी परवानगी शनिवारपर्यंत द्यावी. त्याचे म्हणणे आहे, "कापीन की. पण ठिगळ लावलेला बर्फ हंगामभर मऊ राहतो. आणि ते ठिगळ वर्नाच्या पायाखाली येणार. तिला कोण सांगणार? मी नाही." तिला सांगण्याचे काम आपण करावे, अशीही विनंती आहे.

८. वरील परिच्छेद मी रिंकच्या उपाहारगृहातील टेबलावर लिहिला आणि कॉफी आणायला उठलो. परत आलो तेव्हा वर्ना सराव संपवून, पायांना पॅड तशीच बांधलेली, माझ्या खुर्चीत बसून हा अर्ज वाचत होत्या. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मी कॉफी हातात घेऊन उभा होतो, ती सांडल्याचा डाग सहाव्या परिच्छेदावर आहे. त्या म्हणाल्या, "ऑर्विल, माझ्या गोलसमोर कुणी करवत आणली तर आधी त्याला बघून घेईन. मग तुला."

मी म्हटले, "पण मला नीट बोलायचं होतं गं."

"नीट म्हणजे काय? बर्फावर तू आजवर कधी दात घालून बोललायस? 'वर्ना, डावीकडे,' 'वर्ना, मागे बघ,' सगळं बिनदाताचंच ओरडतोस. बाकी कुणाला कळत नाही, ते चुकीच्या बाजूला पळतात. माझा एक शब्द कधी चुकलाय का? आता विचार काय विचारायचंय ते."

मी विचारले. त्यांना एका फटक्यात कळले. रविवारी पिरोगी मला मऊ शिजवून, लोण्यात बुडवून मिळणार आहेत.

९. सबब परिच्छेद ७ मधील विनंती मी मागे घेत आहे. त्याऐवजी, सदर बर्फाला एप्रिलपर्यंत कोणीही हात लावू नये असा आदेश काढावा. बर्फ काढतील त्या आठवड्यातील शनिवार आमच्या नावे राखून ठेवावा, आणि ड्युएनने त्या सकाळी उत्तरेकडच्या गोलपासून सुरुवात करावी, कारण दुपारी फोटो काढायचे आहेत. त्या दिवशी आपण अधिकारी या नात्याने येऊ नये. कन्या या नात्याने यावे.

आपला नम्र, आणि एप्रिलपर्यंत वरच्या दातांविना,

(सही)
ऑर्विल हॅलिक
डकेट, ९ ऑक्टोबर

सोबत :
१) खेळण्यास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला.
२) बर्फाखालील कवळीचा फोटो.
३) सातव्या परिच्छेदाच्या समासात, पेन्सिलीने : "वाचलं. होकार दिलाय. बर्फाला हात लावाल तर याद राखा. केंड्रा, याला दुकानात सर्वांसमोर बोललीस ते मला कळलंय, रविवारी लवकर ये आणि बटाटे सोल. दोन्ही पायांवर उभी राहून. — आई."