आज पर्स मांडीवरच राहिली

मुलुंड, मंगळवार, ११ नोव्हेंबर १९८६

वाट लावली मी आज. माझ्याकडे समुपदेशनाला दिंडोशीहून येणाऱ्या त्या बाई माझं सासरचं गुजराती आडनाव बघून चार आठवडे हिंदीत बोलत होत्या. नवरा मारतो, हेही शांतपणे सांगायच्या. आल्या की पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवायच्या.

आज मधेच मालवणीत पुटपुटल्या, "आवशीक पण सांगूक नाय." म्हणजे आईलासुद्धा सांगितलेलं नाही. मला राहवेना. पाच भाषा येतात ना! आपल्या भाषेत मन मोकळं होतं, हे सगळ्यांना सांगत फिरते. मी माझ्या माहेरच्या मालवणीत कारण विचारलं, "आवशीक कित्याक सांगूक नाय?"

त्यांनी मला निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचो गाव खंयचो?" मी सांगितला. त्यांच्या नणंदेचं सासर तिथलंच. त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि मुलांच्या परीक्षेवर बोलत बसल्या. इथलं बाहेर जात नाही, असं मी तीनदा म्हटलं. पर्स मांडीवरच.

हिंदी हा त्यांचा आडोसा होता. मीच तो ओढून काढला. मला कळायला नको? मानसोपचार शिकताना सरांसमोर मी स्वतःचं घर उघडं केलं, तेही इंग्रजीत. बाबा आईवर हात उचलायचे, हे मालवणीत मी आजवर कोणाला सांगितलंय?

इथे लिहितानासुद्धा पुस्तकी मराठीच.