एकेचाळीस नंबरचं कार्ड

शुक्रवार, संध्याकाळ
पोचलो एकदाचे! नणंदबाईंनी बोलल्याप्रमाणे मला घरातून उपटून थेट जंगलाच्या काठावर आणून लावलं. लाकडी वसतिगृह, वरच्या मजल्यावर दोन खाटांची खोली, खिडकीखाली शर्यतीचा तंबू. दोन दिवस, दोन शर्यती. नकाशा आणि होकायंत्र घेऊन झाडांत लावलेली दहा निशाणं क्रमाने शोधायची आणि प्रत्येक ठिकाणी टांगलेल्या चिमट्याने आपल्या कार्डाला भोक पाडायचं. गाडी कुठे लावली तेही न आठवणारी मी यात काय दिवे लावणार! पण सासरी मला पहिल्यांदा हसवलं ते हिने. तिला नाही म्हणवत नाही.

यादी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे शिट्टीकाका म्हणतात. त्यांचा नियम एकच. शर्यत अर्ध्यात सोडा, रांगत या, पण कार्ड तंबूत जमा करा; नाहीतर यादीप्रमाणे तुम्ही जंगलाच्या आतच. आणि अंधार पडताना नाव आत राहिलं, तर ते नाव घेऊन आतून कोणीतरी बाहेर येतं म्हणे. मी खो खो हसले. काका हसले नाहीत.

शनिवार, दुपार
माझा नंबर एकेचाळीस. तीन निशाणं सापडली, चौथ्याने नाकी नऊ आणले. तासभर एकाच ओढ्याभोवती घिरट्या घातल्या, मग डांबरी रस्ता दिसला, तो धरून मुकाट्याने खोलीवर आले. तीन भोकांचं कार्ड चारचौघांत कोण दाखवणार? ठेवलंय जपून, उद्या देईन. आता ताणून देते.

शनिवार, दिवेलागणी
माझ्यासारखी मूर्ख मीच. मी इथे घोरत होते आणि सगळे मला जंगलात शोधत होते. सगळ्यांच्या आधी नणंद धावली. बाकीचे परतले, ती नाही.

काकांनी फक्त कार्ड मागितलं. घाबरून मला आठवेना कुठे ठेवलं. खिसे उलटे केले, पिशवी झटकली. तोवर अंधार पडला आणि काकांनी पेनाला टोपण लावलं. तिच्या भावाला कोणत्या तोंडाने फोन करू?

आत्ता लिहायला वही उघडली, तर कार्ड हिच्यातच. भोकं चार आहेत. मी तीनच पाडली होती.

रविवार, सकाळी सात
भोकं सहा. धावत तंबूत गेले. काकांनी मोजली आणि हात मागे घेतला. आता हे तुमच्याकडून घेता येणार नाही, म्हणाले. जी चालतेय, तीच आणून देईल. मी ओरडले, अहो, मी इथे उभी आहे! नणंदेला शोधायला निघालेल्यांतल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला दंडाला धरून खोलीत आणून बसवलं. धक्क्याने असं होतं, म्हणाल्या.

नऊ
आठ झाली. नववं माझ्या डोळ्यांदेखत पडलं. कागदाचा बारीक ठिपका या पानावर पडलाय.

झाडांतून नणंदेची हाक आली. वहिनी, वहिनी. मी खिडकीतून ओ दिली. आणि तिकडून, तिच्या अगदी जवळून, माझ्याच आवाजात दुसरी ओ —

पावणेदहा
आली! लंगडतेय, पण जिवंत आहे. माझी पोर जिवंत आहे. तिने जिच्या खांद्यावर हात टाकलाय — छातीवर एकेचाळीस नंबर. माझा निळा स्वेटर. तो तर माझ्या अंगात —

दहावं पडलं.

त्या एकेचाळीस नंबरवालीने तंबूत कार्ड दिलं. काकांनी एकदाच वर, माझ्या खिडकीकडे पाहिलं. मग यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली.

ओरडतेय. आवाज फुटत नाही. पेन बोटांतून निसटतंय —

जिन्यात पावलं. नणंद सांगतेय, आता तुला कधी एकटं सोडणार नाही, वहिनी. कोणीतरी खो खो हसलं. माझं हसणं.

कडी मी आतून लावली होती. ती हळूच —

बाई गं, तिचा हात सोड. ती मी नाही. मी इथे —