भांडण मिटल्यावर आमेन

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता थोडं थांबावं लागतं. वर्गातला आवाज चटकन आठवतो, तो विसरायची कुणाची टाप आहे! पण तुमचा एक हळू आवाजही होता. तो आज सकाळी अचानक माझ्याच तोंडून बाहेर पडला. निवृत्त झाल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीच्या उन्हाळी शिबिरात दहा-बारा वर्षांच्या मुलांचा गट माझ्याकडे असतो. सकाळच्या एकांताला प्रत्येकानं आपापलं झाड धरून प्रार्थनेला बसायचं, ही तुमचीच पद्धत मी अजून चालवते. तर आज एक मुलगी हाताची घडी घालून, डोळे टक्क उघडे ठेवून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "मला नाही बोलायचं देवाशी." मी म्हटलं, "का गं, भांडण झालंय?" आणि चपापलेच. हे वाक्य माझं नव्हतं, बाई. राहुरीच्या पलीकडे, धरणाच्या वाटेवर, कडुलिंबाखाली तुम्ही मला ते विचारलं होतं.

दुष्काळाचं साल होतं ते. शाळेच्या दोन खोल्या, समोर चार झाडं आणि तळाला गेलेली विहीर, एवढ्यावर तुम्ही शिबिर भरवलं होतं. फी म्हणून प्रत्येकानं घरून शेरभर ज्वारी आणायची. नगरच्या नोकरदारांच्या मुलांनी पांढरी आणली. आम्ही बेलापूरकडच्या खेड्यांतल्या पोरांनी रेशनची तांबडी अमेरिकन ज्वारी, ती मिलो, आणली, आणि मी तर माझी पिशवी पाठीमागे लपवून उभी होते. तुम्ही सगळ्या पिशव्या एकाच पोत्यात ओतल्यात, कोपरापर्यंत हात घालून खालवर केलंत आणि म्हणालात, "हं, आता ओळखा बरं कुणाची कुठली." मग सगळे दिवस आम्ही सगळ्यांनी एकाच विचित्र रंगाची भाकरी खाल्ली. थापताना ती हातातच तुटायची आणि आम्ही मुली चुलीपुढे हसून बेजार व्हायचो. म्हणून तुम्ही मऊ होता असं मात्र कुणी समजू नये. तोंड धुतलेलं पाणी मी भुईवर फेकलं, तर दंडाला धरून विहिरीवर नेलंत, वाकवून तळ दाखवलात आणि म्हणालात, "बघ नीट. अन् मग फेक." तेव्हापासून मी ते पाणी निमूटपणे झाडाच्या आळ्यात ओतू लागले. आजही बेसिनमध्ये चूळ भरताना मला जरा चोरट्यासारखं वाटतं.

आई नाताळाच्या आधी गेली होती. ती दवाखान्यात होती तेव्हा मंडळीतल्या बायका मला जवळ घेऊन म्हणायच्या, "तू माग पोरी. लेकराचं देव आधी ऐकतो." मी मागितलं. घरात मागितलं, प्रभूच्या देवळात मागितलं, शेण गोळा करताना मागितलं. आई गेली. मग त्याच बायका डोळे पुसत म्हणाल्या, "त्याची इच्छा." त्यांचा राग नव्हता मला, त्या आमच्याच होत्या आणि आम्हाला भाकरतुकडा त्यांनीच आणून घातला. पण माझ्या मनानं घेतलं की एक तर त्यानं ऐकलंच नाही, नाहीतर माझंच मागायचं काहीतरी चुकलं आणि म्हणून आई गेली. हे कुणाला सांगणार? वडील दिवसभर खडी फोडायच्या कामावर असायचे आणि घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

तुम्ही त्या सकाळी माझ्या झाडाशी आलात. पदर खोचून सरळ मातीत बसलात.

"का गं, भांडण झालंय?"

"व्हय."

"कुणाशी?"

"देवाशी. मी न्हाई बोलत त्याच्याशी. आईसाठी मागितलं हुतं मी, लई मागितलं हुतं." आणि मग ते आतलं बाहेर आलंच. "माजं मागायचं चुकलं आसंल तर?"

तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड वर केलंत. "हे आधी ऐक. तुझं काहीही चुकलेलं नाही. लेकराच्या चुकीसाठी तो आई नेत नाही."

"मग का नेली?"

"मला माहीत नाही."

तुम्हाला माहीत नाही! भूगोलापासून बायबलपर्यंत सगळं माहीत असलेल्या बाईंना हे माहीत नाही, याचंच मला इतकं नवल वाटलं की रडं थांबलं. तुम्ही म्हणालात, "त्याला विचार. भांड त्याच्याशी, काय बोलायचं ते सगळं बोल. फक्त आमेन म्हणू नकोस. आमेन म्हणजे 'तसंच होवो'. भांडण मिटलं नसताना तसं कशाला म्हणायचं? मिटल्यावर म्हण." आणि साडी झटकून पुढच्या झाडाकडे गेलात. मी त्या दिवसापासून भांडायला लागले. काय काय बोलले देवाला, ते इथंही लिहिता येणार नाही. पण महिनोन्‌महिने घट्ट मिटलेलं माझं तोंड उघडलं होतं.

शेवटच्या दिवशी साक्षीची सभा. प्रत्येक मुलानं उभं राहून, प्रभू आपल्या जीवनात कसा आला ते सांगायचं, समोर मंडळीचे पाळकसाहेब आणि आलेले आईवडील. आम्ही पोरं साक्षी पाठ करायचो, आणि आमच्यापुढे नमुना असायचा तो मोठ्या माणसांचाच. आदल्या दिवशी एका प्रचारकांनी आपली साक्ष दिली होती. ती एका पठ्ठ्यानं जशीच्या तशी उचलली आणि दहा वर्षांचं ते पोरगं छाती काढून म्हणालं, "मी दारू आनि जुगारात पार बुडालो हुतो." त्याची आई ओरडली, "आरं मुडद्या, कवा?" सगळी सभा हसली. आणि त्या हसण्यातच माझी पाळी आली. पाठ केलेली साक्ष माझ्याजवळही होती. पण उभी राहिले आणि ती बोलवेना.

"माजी साक्ष न्हाई. माजं देवाशी भांडण हाय. बाईंनी सांगितलंय, मिटस्तवर आमेन म्हनायचं न्हाई."

हसू जिथल्या तिथे थांबलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, हे शिकवलंत तुम्ही लेकरांना?" मला वाटलं, तुम्ही आता म्हणाल की पोरीचा समज चुकला, आणि मग मला धरायला काहीच उरणार नाही. तुम्ही बाजाच्या पेटीपाशी बसला होता. उठलात.

"हो, मीच सांगितलं. साहेब, माझा मुलगा गेला तेव्हा मीही आमेन म्हणत नव्हते. कैक वर्षं. तुमच्याच मंडळीत, पहिल्या बाकावर बसून. नुसते ओठ हलवायची. ह्या पोरीनं निदान मोठ्यानं सांगितलं."

तुम्हाला मुलगा होता, हे आम्हा पोरांना तेव्हा कळलं. पाळकसाहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी समारोपाची प्रार्थना केली, नेहमीपेक्षा खूपच लहान. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही आमेन म्हणालात, स्पष्ट, आणि माझ्याकडे बघून मान हलवलीत, जणू म्हणत होतात, तुला घाई नाही.

पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्यांकडे दिलं. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, असं सांगितलं गेलं. तुम्ही त्यावर कधी चकार शब्द काढला नाहीत. मला मात्र फार लागलं ते, अजून लागतं.

माझं भांडण कसं मिटलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या शिबिरानंतरच्या नाताळात वडिलांनी ताटावर प्रार्थना केली, कालवणाचा वास सुटला होता, आणि माझ्या तोंडून आमेन निघून गेलं. वडील चमकून बघत राहिले आणि मग त्यांनी पहिला घास मला भरवला. सुट्टीनंतर शाळेच्या फाटकात तुम्ही विचारलंत, "मिटलं का?" मी म्हटलं, "म्हाईत न्हाई. भूक लागली हुती." तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांना पदर लावलात.

आजच्या मुलीचे आजोबा गेलेत. तिला मी तुमचंच सांगितलं. ती म्हणाली, "पण मिटलंच नाही तर?" तुम्हाला विचारावं म्हणून लिहायला बसले. हे पत्र धाडायचं कुठे, हा प्रश्नच आहे. शिबिराच्या कागदांत पडून राहील.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या मातीच्या वेळी पाळकांची प्रार्थना संपली, सगळे आमेन म्हणाले. मी म्हटलं नाही, बाई. तुमच्यावरून त्याच्याशी माझं भांडण अजून रोज चालू आहे.