मोजे घालून बसलेली विहीण

ती. न्हानताईस,

धाकट्या थोमचा वाकून नमस्कार. तिकडे सायगॉनात तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला थांबला का? आईबाबांच्या फोटोपुढे रोज उदबत्ती लावते, पण काल लावताना वर बघायची हिंमत झाली नाही. ताई, मी आपल्या लुआचं लग्न मोडून बसले आहे. स्वतःच्या तोंडाने. (पायांनी होडी वल्हवणाऱ्या बाईचं तोंड फार मोकळं राहतं, असं बाबा म्हणायचे ते उगीच नाही.)

काल दुपारी हायफॉंगची मंडळी साखरपुड्याचं बोलायला पहिल्यांदाच घरी यायची होती, आणि पर्यटकांना गुहा दाखवायच्या होडीचा माझा नंबर नेमका काल सकाळी. नंबर चुकला की पंधरा दिवस हात चोळत बसा, म्हणून गेले. उन्हासाठी नेहमीसारखी टोपी, तोंडावर फडकं, हातमोजे. उघडी काय ती पावलं. वाट्याला एक वयस्क जोडपं आलं. राजांच्या देवळात नमस्कार करून आलेलं. बाई एकेका सुळक्याकडे बघून "अगं बाई!" करत होती, आणि मागे माझे तळवे तिच्या पाठीशी. तिने वळून सहज विचारलं, गावात काय विशेष? झालं. आपल्याच पोरीची स्तुती आपण करू नये, म्हणून मी शेजारणीची लुआ असं सांगून तिचं कौतुक केलं. तिची आई तर देवमाणूस, हेही सांगितलं. मग दुसरी गुहा ओलांडली आणि होणाऱ्या सासूचा उद्धार सुरू केला. साखरपुड्याला मुलाकडून यायची सुपारीची तबकं म्हणे पाचच आणणार! माशांच्या सॉसचा धंदा, तेव्हा मनही बरणीतच मुरलेलं असणार. (हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.)

तिसऱ्या गुहेत छत इतकं खाली येतं की सगळे वाकतात. त्या अंधारात बाई हळूच म्हणाली, "अहो, मी म्हणत होते ना, सात न्या म्हणून!"

"गप्प बस," नवरा म्हणाला. "तिथेच जेवायला जायचंय."

कशी परतले, कळलं नाही. घरी धावत येऊन फडकं काढलं, चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. पण आवाज आणि पावलं? लुआला पाहुण्यांना सांगायला लावलं, आईचा घसा बसलाय. पावलांवर मी तिचे लोकरीचे मोजे चढवले. भर उन्हाळ्यात, चटईवर! बोकडाचं मटण, कुरकुरीत भात, सगळं होतं. विहीणबाई मात्र मोज्यांकडेच बघत होत्या. निघताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "गावात तुमची एक मैत्रीण होडी चालवते. फार चांगलं बोलते हो तुमच्याबद्दल." आणि तारीख न ठरवता, कळवतो म्हणून गेल्या. लुआला मी खरं सांगितलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती भांडी घासत बसली. जेवलीसुद्धा नाही. मला माझ्याच जिभेची घृणा आली आहे, ताई.

तुझी,
थोम

ता.क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. त्यांनी होकार दिलाच, तर साखरपुड्याला तू आई म्हणून बसशील का? चेहरे आपले सारखेच आहेत, तुझी पावलं मऊ आहेत, आणि तुला कमी बोलता येतं. मी स्वयंपाकघरात राहीन.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात विहीणबाईंचा निरोप आला. जसाच्या तसा लिहिते: "सात तबकं आणतोय, तुमच्या मैत्रिणीला सांगा. आणि त्या दिवशी मोजे घालू नका, उकडतं. पाय मी होडीतच पाहिलेत." लुआ मघापासून हसते आहे आणि मी रडते आहे. ताई, तू ये, पण मावशी म्हणूनच.