हिने लावलेलं दही

४ मार्च
फ्रिजमधलं दही उद्या टाकायचं. हिने लावलेलं शेवटचं दही, एवढंच. ही जाऊन महिना झाला. वस्तू कवटाळून बसणारा माणूस मी नाही.

५ मार्च
टाकलं नाही. कारण शास्त्रीय आहे. दुधात हिप्युरिक आम्ल असतं. विरजणातले जिवाणू त्याचं बेंझोइक आम्ल करतात. सॉस आणि सरबतं टिकावीत म्हणून त्यांत घालतात, तेच हे. म्हणजे दही स्वतःच स्वतःला सांभाळतं. डेअरीच्या लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने असं निरीक्षण अर्धवट सोडू नये.

९ मार्च
धाकटी बहीण आली. फ्रिज उघडून नाक मुरडलं. म्हणाली, दादा, हे काय पाळलंयस? मी प्रयोग म्हणालो आणि बेंझोइक आम्लाचं सगळं समजावलं. दही हिचं आहे हे बोललो नाही. उगाच रडारड नको. तिने झाकण घट्ट लावलं. पटलं असावं.

१२ मार्च
चमचाभर सॅम्पल लॅबमध्ये नेलं. मशीनने बेंझोइक आम्ल अठरा पीपीएम दाखवलं. टिकवायला याच्या कितीतरी पट लागतं, पण सुरुवात आशादायक आहे. साहेबांनी विचारलं, कोणाचं सॅम्पल? बाहेरचं, म्हणालो. मग कोणीतरी काहीतरी मिसळलं असेल, म्हणाले. माझा आवाज चढला. त्यात कोणी काही मिसळलेलं नाही, ते आपोआप होतं, असं बरंच बोललो. सगळे बघायला लागले. साहेब हळूच म्हणाले, थोडी सुट्टी घ्या. सुट्टीची गरज नाही.

१५ मार्च
कडेला हिरवा ठिपका. चमच्याने काढला. प्रश्न फक्त वरच्या थराचा आहे.

१६ मार्च
आणखी ठिपके. वरचा थर बराच खोल आहे.

१७ मार्च, सकाळ
नवा प्लॅन. तळाचं चांगलं दही ताज्या दुधाला विरजण म्हणून लावायचं. म्हणजे हिचंच दही पुढे चालू राहील. रोज टाक्याच्या टाक्या दही माझ्या सहीने बाहेर पडतं. एक वाटी म्हणजे काहीच नाही.

संध्याकाळी
दूध जास्त गरम होतं बहुधा. दूधच राहिलं.

१८ मार्च
लॅबचा थर्मामीटर आणला. तरी लागलं नाही, नुसता वास सुटला. ही थर्मामीटर वापरत नसे, करंगळी बुडवायची. मीही बुडवून पाहिली. काय कळायला हवं, ते कळलं नाही. विरजण संपलं.

१९ मार्च
बहिणीला फोन केला. ही दूध किती कोमट घ्यायची, एवढंच विचारायचं होतं. बोलता बोलता सांगून बसलो, की ते दही हिचं होतं. ती म्हणाली, "दादा, ते मी लावलं होतं रे. वहिनी तेव्हा दवाखान्यात होती. घरात विरजणही नव्हतं, दुकानातून आणलं मी."

असू दे, म्हणालो. चांगलं लागलं होतं, असंही म्हणालो. ती रडायला लागली, म्हणून फोन ठेवला.

म्हणजे हिने लावलेलं शेवटचं दही मी केव्हाच खाऊन टाकलं. कामावर जायच्या घाईत, उभ्या उभ्या, पेपर चाळत. कसं लागलं होतं, आठवत नाही.