बर्फासमोर तळायचं नाही

३ मार्च

ठरलं! मावशी बर्फ बघायला जाणार. जहाजाने. तिकीट काढून, पांढऱ्या चादरीवर झोपून. ऑर्फा मावशी – जिने चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात गाबोळी डब्यात भरली आणि सुट्टी घेतली ती फक्त मयतांसाठी.

जहाज मी शोधायचं. बंदरावरून गोळा करून आणलेली जाहिरातींची चोपडी तिने टेबलावर आपटली. "तू कॉलेजात गेलीस ना? वाच मग."

काल डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग चाललाय. कडेकडेचं दिसत राहील. ज्याच्याकडे बघाल नेमकं तेच दिसणार नाही. हिवाळ्यापर्यंत.

मावशीने एकच प्रश्न विचारला. "जुलैपर्यंत टिकतील का?"

६ मार्च

लायल मामाला कळलं. दारातूनच ओरडत आत आला, "तळणी निघाली परत! त्या बर्फाला आधी कळवा रे कुणीतरी, पळून जाईल बिचारा!"

मावशी हसली. नेहमी सगळ्यात आधी तीच हसते.

हे एकदा लिहूनच ठेवते. एकसष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट. याकुटाट गावाच्या वर, हबर्ड नावाच्या हिमनदीच्या बर्फासमोर आजोबांचा सीलच्या शिकारीचा तळ होता. तिथे तळायचं नाही. उकडून खायचं. तव्यावर चरबी पडली की वास जातो आणि बर्फ खवळतो – हे आम्हा इथल्या मूळच्या लोकांत शेंबड्या पोरालाही माहीत. आजोबा होडी घेऊन बाहेर. तळावर फक्त मावशी, अकरा वर्षांची, आणि माझी आई, सहा वर्षांची. (मामा तीन वर्षांचा, गावात आजीपाशी.) दुकानातलं बेकन नुकतंच आलेलं. ते तव्यावर पडलं. दुपारी बर्फाचा अख्खा कडा कोसळला. लाट आली. होडी फुटली, उन्हाळाभराचं मांस गेलं, आजोबांचं कंबरडं मोडलं ते मोडलंच. परत कधी शिकारीला गेले नाहीत. घर उचलून सगळे इथे जुनोला आले.

तेव्हापासून मावशी 'तळणी'. लग्न असो, मयत असो – "ऑर्फाला चुलीपासून लांब बसवा!"

आता डोळे आहेत तोवर तिला त्या बर्फासमोर उभं राहून माफी मागायचीये. बस. मी म्हटलं, इथून नाही का मागता येणार? म्हणाली, "माफी काय फोनवर मागतात?"

९ मार्च

सात जहाजं. वहीत सात पानं केली. डोकं भणभणलं.

'क्वीन ऑफ फ्योर्ड्स' – तीन हजार माणसं, घसरगुंडी, सोळा हॉटेलं. मानलं बाई! एवढं गाव पाण्यावर चालवायचं म्हणजे खायचं काम नाही. पण ती सिएटलहून निघते आणि ग्लेशियर बे नावाच्या खाडीतून परत फिरते. तो बर्फ वेगळा. आपला नाही. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "शेजाऱ्याच्या दारात जाऊन माझ्या घरची माफी मागू?"

बाद.

१० मार्च

'पॅसिफिक लँटर्न' हबर्डला जाते! दोन हजार माणसं. कप्तान बर्फासमोर अख्खं जहाज जागच्या जागी गोल फिरवतो, म्हणजे डावी-उजवी दोन्हीकडच्यांना सारखं दिसतं. काय हात असेल त्या माणसाचा!

पण ती आपल्याला जुनोत चढवून घेणार नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आठवड्यातून एकदा उभी असते – आणि ती पकडायला विमानाने व्हँकुव्हरला जायचं, तिथे चढायचं, आणि तीन दिवसांनी आपल्याच खिडकीसमोर यायचं. परदेशी झेंड्याच्या जहाजाला मधल्या बंदरात माणसं चढवता येत नाहीत, कायदाच तसा.

मामा: "मग मी खिडकीतून हात करीन की!"

१४ मार्च

महिना कुठला? जून स्वस्त, ऊनही बरं. मी जून लिहून टाकला. मावशीने पेन काढून घेतलं.

"जूनपर्यंत सील तिथे तरंगत्या बर्फावर पिल्लं सांभाळत असतात. बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं का आपण?"

सात चोपड्यांत हे वाक्य कुठेच नव्हतं.

मग जुलै.

२१ मार्च

सापडलं. सापडलं!! 'क्लारा जे'. चौसष्ट माणसं. जुनोहूनच निघते, जुनोलाच परत. आठ दिवस. मधे उघडा समुद्र आहे, हलेल भरपूर. पण पाचव्या दिवशी हबर्डसमोर पूर्ण सकाळ. इंजिन बंद करतात. कर्णा नाही, गाणी नाहीत, घसरगुंडी नाही. लाकडी कठडा, आणि त्याच्याशी उभं राहायला भरपूर जागा.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "कठडा कमरेएवढा की छातीएवढा?"

फोन करून विचारलं. कमरेएवढा.

"मग चालेल. छातीएवढ्या कठड्यामागून बोललं की लपून बोलल्यासारखं वाटतं."

२२ मार्च

भांडण. मी एकच जागा धरली होती, मावशीची. जुलैत मी कशी येणार? ऐन हंगाम. धक्क्यावर पाटी धरून प्रवाशांना बसपर्यंत नेणं एवढंच माझं काम असलं तरी जुलैत आठ दिवस दांडी म्हणजे नोकरी गेली. आणि ती नोकरी म्हणजे माझा हिवाळा – सात महिने बसून लिहायचं.

मावशी: "तू नाही तर मी नाही."

"मामा येईल ना सोबत."

"लायल? तो त्या बर्फालाही विनोद सांगेल."

"अगं, पण मी कशाला?"

मावशी उठून भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडी.

आई गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी हिच्याकडेच आहे आणि हिने एकदाही माझ्याकडे काही मागितलेलं नाही. हे आठवलं आणि लाज वाटली. दोन जागा धरल्या.

२३ मार्च

नोकरी गेली. साहेब चांगला आहे. वाईट वाटून घेत घेत काढलं त्याने.

११ एप्रिल

'क्लारा जे'कडून मोठं पाकीट आलं. जाड कागद, मोठे फोटो. मावशी भिंग घेऊन बसली. तासभर. एकेका पानाचं कौतुक – "कानटोप्या सगळ्यांना देतात बघ!", "हा कप्तान झोपतो तरी कधी, डोळे बघ कसे सुजलेत." मी इतकी खूश! तिला खूश बघून.

मग भिंग एका पानावर थांबलं.

"हे रद्द."

"काय?"

बोट ठेवलं. पाचवा दिवस. 'बर्फासमोरचा सुप्रसिद्ध नाश्ता'. उघड्या डेकवर टेबलाएवढा तवा, त्याच्यावर पन्नास-साठ बेकनच्या पट्ट्या चुरचुरताहेत. मागे – हबर्ड. तवा पुढे धरून आचारी हसतोय.

सात जहाजं! एक वही! कठड्याची उंची विचारली मी, कप्तानाचं नाव विचारलं. तवा? आमच्या घरातल्या पोरीला तवा दिसला नाही!

मामाला सांगितलं तर तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. "एकसष्ट वर्षांनी तळणी परत आली, आणि या खेपेला साठ माणसांचं घेऊन आली!"

मावशी हसली. पण आज सगळ्यांच्या शेवटी हसली.

१४ एप्रिल

कचेरीत फोन केला. मुलगी गोड होती.

"पाचव्या दिवशी डेकवर तळू नका, एवढंच म्हणणं आहे."

"ॲलर्जी आहे का मॅडम?"

"हो."

"नाव सांगा, नोंदवून घेते. कोणाला आहे?"

"बर्फाला."

कीबोर्डची टकटक थांबली. मग: "मी... इतर सूचना या रकान्यात टाकू का?"

म्हटलं टाका.

१५ एप्रिल

धरलेल्या दोन जागा तशाच ठेवून दुसरं जहाज शोधतेय. पुढच्या वर्षीची मिळताहेत. पुढच्या वर्षी डोळे कुठे असतील?

मावशी रोज एकच विचारते, "मिळालं?"

१० मे

आज 'क्लारा जे' हंगामात पहिल्यांदा धक्क्याला लागली. मावशी म्हणाली, चल.

मला वाटलं लांबून बघू. कसलं काय! सरळ शिडीपाशी. आधी दोर बघितले – कसे गुंडाळलेत. खाली वाकून कडेकडेने, मान तिरकी करून. "माणसं नीट आहेत," म्हणाली. मग बोटीच्या अंगावर हाताची बोटं वाजवली, दार ठोठावावं तशी. खलाशी बघायलाच लागला.

"आजी, काय हवंय?"

"तुमचा आचारी."

आला. फोटोतलाच! नेस्टर मागबानुआ, इलोइलोचा, म्हणजे फिलिपिनो. ठेंगणा, पोटावर ओला टॉवेल. मावशीने त्याच्या भाषेत नमस्कार केला. कारखान्यात तिच्या दोन्ही बाजूंना आयुष्यभर फिलिपिनो बायका होत्या, तिला त्यांच्या शिव्यासुद्धा येतात. तो विरघळलाच. लोला, लोला करायला लागला – त्यांच्यात आजीला म्हणतात तसं.

मावशीने सांगितलं. नुसतं नियम सांगावा तसं. बर्फाला चरबीचा वास चालत नाही, म्हणून तिथे तळायचं नाही. स्वतःची गोष्ट सांगितली नाही. मी तोंड उघडलं तर माझ्या पायावर पाय दिला.

नेस्टर गंभीर झाला. "माझी लोला वडासारख्या मोठ्या झाडाखालून जाताना झाडात राहणाऱ्यांशी आधी बोलायला लावायची. बाजूला व्हा हो, आम्ही जातोय. न बोलता गेलं की ताप." मग चेहरा पडला. "पण बर्फाचं मला कोण सांगणार? आमच्याकडे बर्फ फक्त सरबतात! लोला, नऊ वर्षं तळतोय मी तिथे. अजून जिवंत कसा?"

"तुझी ओळख नाही ना. परक्याला तो सोडून देतो."

"आणि ओळखीच्याला?"

मावशीने त्याचा टॉवेल सरळ केला.

तो म्हणाला, "जुलैतली ना तुमची फेरी? त्या दिवशी तवा खाली बंद. पेज करतो. आल्याची, कोंबडीची. उकडलेली चालते?"

"चालते."

"मालकांना काय सांगू?"

"तवा फुटला म्हण."

"लोला, तो लोखंडी आहे!"

"मग तू आजारी पड."

घरी येताना मावशी चक्क गुणगुणत होती. मी जहाजं बघितली होती. तिने आचारी बघितला. सात पानं भरून मला जे जमलं नाही ते तिने दोरांकडे बघून दहा मिनिटांत केलं. हिच्यावर लिहायचं म्हटलं तर माझ्या सगळ्या क्लृप्त्या पोरखेळ वाटतात.

१९ जुलै

निघालो! मामा धक्क्यावर. दोन्ही हातांनी तवा हलवत होता. खरा तवा. घरून आणलेला.

२१ जुलै

उघडा समुद्र. मी बादलीत. मावशी तीनदा जेवली.

२२ जुलै

बरी आहे. उद्या हबर्ड. जेवणाच्या वेळी नेस्टरने उभं राहून जाहीर केलं – उद्या बर्फासमोर बेकन नाही, पेज.

टेक्सासचा एक उंच माणूस, बायकोबरोबर लग्नाचं पन्नासावं वर्ष साजरं करायला आलेला, खवळला. "फोटोत बेकन होतं! फोटो बघून आलो आम्ही!"

नेस्टर घामाघूम. मावशी उठली. त्या उंच माणसाच्या टेबलाशी जाऊन बसलीच. काय बोलली ऐकू आलं नाही. पाच मिनिटांनी तो माणूस उठला, टोपी काढली, आणि नेस्टरला म्हणाला, "पेजेत मीठ जरा जास्त घाल."

नंतर विचारलं, काय सांगितलंस? म्हणे, "विचारलं, बायकोच्या आईच्या घरी पहिल्यांदा गेलास तेव्हा ताटात पडेल ते खाल्लंस की फोटो दाखवलास?"

मधलं आता फारच धूसर झालंय तिला. त्या माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघत होती, म्हणजे तोंड दिसेल. उद्या पुरायला हवं. उद्याचाच दिवस.

२३ जुलै

दिसला. तिला दिसला. मान थोडी डावीकडे करून, पण दिसला.

इंजिन बंद. पेजेचा वास. मावशी कठड्याशी गेली आणि माझं मनगट धरून मला पुढे ओढलं. आमच्या भाषेत बोलली, सावकाश, मला कळावं म्हणून – कॉलेजात शिकलेली ती माझी अर्धीमुर्धी भाषा. आधी स्वतःचं नाव. आईचं, आजीचं. कूळ. मग:

"तळलं ते मी नाही. मी पाण्याला गेले होते. लिओनाने तळलं. सहा वर्षांची होती, भूक लागली होती. घरी मी माझं नाव सांगितलं. तुला खोटं सांगत नाही. लिओना आता गेली. आमच्यात सगळं आईकडून मुलीकडे येतं, म्हणून हिला आणलंय. ही तिची मुलगी, कोरिन. बघून घे. हिला सोड."

लिओना माझी आई.

बर्फाचा कडा जागेवरच राहिला. मावशीने माझं मनगट सोडलं. मग वळून माझ्या कानाकडे बघत म्हणाली,

"लायलला सांगू नकोस हं. साठ वर्षांचा विनोद आहे त्याचा."