दातात धरलेला आवाज

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचा. हत्यारांच्या पेटीने खांद्याचं पार भरीत केलं, पण गाडी पाहिली आणि सगळा शीण गेला.

घर वस्तीच्या टोकाला, चढाच्या शेवटी आहे. खाली वळणावर पेट्रोल पंप, वर हे एकच फाटक. गॅरेज घरापेक्षा मोठं आणि त्याला लागूनच माझी खोली. खाट, टेबल, खिडकी, आणि एक दार थेट गॅरेजात उघडणारं. म्हणजे डोळे उघडले की काम समोर हजर. मला असंच आवडतं.

मालकीण निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून. गॅरेजच्या भिंतीवर शाळेतला जुना फळा टांगलाय आणि त्यावर मोत्यासारख्या अक्षरात नियम लिहिलेत: विडी-काडी आणू नये. वाळूची बादली हलवू नये. एका वेळी पेट्रोलचा एकच कॅन ठेवावा. इंजिन बंद केल्याशिवाय पेट्रोल भरू नये. मी म्हटलं, बाई, मी गॅरेजातच लहानाचा मोठा झालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मी मुकाट्याने फळा पुन्हा वाचला.

गाडी त्यांच्या धाकट्या भावाची. ताडपत्री ओढली आणि तोंडातून शीळच गेली. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. गडद हिरवी. हिच्यात माणूस बसत नाही, हिला अंगात घालतो. वर्षानुवर्षं बंद आहे. इंजिन आणि खालचं सगळं मी करायचं, रंगाला दुसरा माणूस येणार.

रात्री घरी फोन केला. ही म्हणाली, जा बाबा, तिथे तरी मन भरून खोला. तिचं जुनंच म्हणणं आहे की नीट चाललेलं मला बघवत नाही, घरचा मिक्सरसुद्धा मी उगाच दोनदा खोललाय. रोजनिशीची वहीही तिनेच दिली, कुठला नट कुठे गेला ते विसरतो म्हणून. लेकीला, चिमीला, शब्द दिलाय की गाडी सुरू झाली की पहिली चक्कर तिची. बाविसाव्या तारखेला रविवारी दोघी येणार आहेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

इंजिन जाम होतं. प्लग काढून भोकांतून डिझेल सोडलं, मुरू दिलं आणि आज लांब पाना लावून हळूच रेटलं. हललं! एकटाच होतो तरी टाळी वाजवली.

मग हेड उतरवलं. सहाच्या सहा सिलेंडर पाहिले आणि डोकं खाजवत बसलो. बिघाडच नाही. पिस्टन धड, बेअरिंग धड, व्हॉल्व्हवर काजळी आहे पण जळलेला एकही नाही. उभं राहून गंज चढला एवढंच. मग चालती गाडी बंद का पडली? टाकी उघडली तर खडखडीत कोरडी. म्हटलं वा, पेट्रोल संपलं म्हणून गाडीच टाकून दिली, हा तर श्रीमंतांचा बिघाड.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनाच विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, बंद पडली नाही, बंद केली. धाकटा पेट्रोल भरायला खालच्या पंपावर गेला होता. पंपवाल्याने झाकण उघडलं, मागे वळून पाहिलं तर याचं डोकं स्टीअरिंगवर. हात चावीवर तसाच. डॉक्टर म्हणाले हृदय. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता, लोकांनी ढकलत वर आणली. तेव्हापासून तिला कुणी हात लावला नाही.

तो पंपवाला अजून तिथेच आहे. आता केस पांढरे झालेत. संध्याकाळी कॅन भरायला गेलो तर म्हणाला, गाडी सुरू झाली की सांगा हं, बघायला येईन.

९ फेब्रुवारी, सोमवार

व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, नव्या रिंगा घातल्या, दोन्ही कार्बोरेटर खोलून रॉकेलात बुडवले. रोज आंघोळीला साबणाची अर्धी वडी लागते.

धाकट्यांच्या कपाटात त्यांची हत्यारं मिळाली. आमच्याच जातकुळीतला माणूस, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. त्यात एक लांब स्क्रूड्रायव्हर आहे, लाकडी मुठीचा. मुठीवर दातांच्या खुणा आहेत. मी हसलो. आमच्यात ही जुनी रीत आहे. टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, आत काय कुरकुरतंय ते डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. ज्यांचे कान गॅरेजच्या ठोकाठोकीने गेलेत ते मूठ दातात धरतात. हाडातून आवाज डोक्यात शिरतो.

माझ्या वस्तादांना ते खपत नसे. म्हणायचे, कानाला लाव, दातात धरू नकोस. दातात धरलं की इंजिनाचा आवाज कुठला नि आपला कुठला ते कळेनासं होतं. वस्तादांचे कान शाबूत होते, त्यांना बोलायला काय!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सुरू झाली!

दोनदा खोकली, तिसऱ्यांदा पकडली. असा भारदस्त, गोल आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बाई काठी टेकत लगबगीने आल्या, दारातच थबकल्या आणि पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू.

पण एक बारीकसं काहीतरी आहे. मधूनच एक ठोका गळतो. दुसऱ्या कुणाला कळणारही नाही. बाई म्हणाल्या, उत्तम चालतेय, आता हिला हात लावू नका. धाकट्यालाही राहवायचं नाही, चांगली चालत असली तरी कान लावून बसायचा. मी हो म्हटलं.

असं अर्धवट सोडलं तर मला झोप लागेल का?

१६ फेब्रुवारी, सोमवार

प्लग बदलले. पॉइंट घासले. टायमिंग पुन्हा लावलं. ठोका गळतोच.

शेवटी धाकट्यांचा स्क्रूड्रायव्हर काढला. कानाला लावून काही उमजेना, म्हणून दातात धरला. माझे दात त्या जुन्या खुणांत बरोबर बसले. आणि काय सांगू, अख्खं इंजिन कवटीत उतरलं! सहा सिलेंडर वेगवेगळे मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. आणि त्यांच्या खाली एक संथ, जाड ठोका. असा ठोका देणारा भाग या इंजिनात कुठलाच नाही.

कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवला की तो ठोका जवळ येतो. एक गोष्ट लिहून ठेवतो. माझ्या छातीतही लहानपणापासून मधूनच एक ठोका चुकतो. डॉक्टर म्हणाले होते निरुपद्रवी आहे, चहा कमी करा. आज इंजिनाचा ठोका गळला तेव्हा माझाही गळला. दोनदा झालं. योगायोगच असणार.

इंजिन बंद केलं तर भोवळ आली. धूर गेला असेल नाकात, उद्यापासून मोठं दार उघडं ठेवीन.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस जुळवतोय. रोज थोडं जवळ.

आज बाईंनी स्वतः चालवायला घेतली. ऐटीत बसल्या, केस बांधले आणि भुर्रकन फाटकाबाहेर. मी पायरीवर हात धूत होतो. मला गाडी दिसत नव्हती, ऐकूही येत नव्हती. पण त्या खालच्या वळणावर गेल्या ते मला कळलं. परतीचा चढ लागला तेही कळलं. बसल्या जागी माझी छाती धाडधाड उडायला लागली, पळत चढ चढावा तशी. वर आल्या, छाती शांत झाली.

मग त्यांनी चावी फिरवली आणि मी पायरीवरून खाली पडलो.

त्यांना वाटलं ऊन लागलं. साखरपाणी दिलं, वारा घातला. मी विचारलं, धाकटे शेवटी शेवटी कसे होते? म्हणाल्या, तासन् तास गाडी सुरू ठेवून बसायचा. मी पेट्रोलवरून ओरडायचे. तो म्हणायचा, ताई, थोडं राहिलंय, जुळलं की बंद करतो.

सोडून द्यावं का? पण ठोका अजून किंचित मागे आहे. अगदी किंचित. रविवारी पोर येणार, तिच्यासमोर अशी अर्धवट गाडी—

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळ. जुळलं. स्क्रू एवढासा फिरवला आणि इंजिनाचा गळणारा ठोका गेला. माझाही गेला. आयुष्यात पहिल्यांदा छाती अशी सरळ चालतेय. विशीतलं अंग परत मिळाल्यासारखं वाटलं, मोठ्याने हसलो. दातातून मूठ काढली तरी ठोका ऐकू येतच होता.

मग चावी बंद केली.

थोड्या वेळाने

चावी बंद केल्यावर काहीच उरलं नाही. अंधारसुद्धा नाही. इंजिन गरम असलं की बंद केल्यावरही कधी कधी एखाद-दोन गचके खातं, तेवढ्यानेच मी वाचलो. प्रत्येक गचक्याला छातीत एक ठोका. त्या दोन ठोक्यांत हात चावीपर्यंत पोचवला.

आता सुरू आहे. मीही सुरू आहे.

धाकट्यांच्या हृदयाला काही झालं नव्हतं. त्यांनी फक्त पंपावर गाडी बंद केली.

दुपार

स्क्रू उलटा फिरवून पाहिला. फिरत नाही, जागीच धरलाय. चावीच नको, सरळ तार जोडून टाकू म्हणून तारेला हात घातला. इंजिन खोकलं, मी गुडघ्यांवर. पुन्हा धीर झाला नाही.

टाकी तळाला आली होती. इंजिन चालू ठेवूनच टाकीत कॅन ओतला. काही पेटलंबिटलं नाही. पण कॅन एकच. बाईंचा नियम.

बाईंना सगळं सांगितलं. वेडा म्हणतील असं वाटलं होतं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, त्या दिवशी तो पंपावर जायला तयार नव्हता, मीच पाठवला. म्हणाल्या, तुम्हाला जाऊ देणार नाही. काठी घेतली आणि पेट्रोल आणायला निघाल्या. फाटकातून वळून पाहिलं आणि हात केला.

घरी फोन केला. हिला म्हटलं, आजच निघा. ती घाबरली, काय झालं विचारत राहिली. सांगू काय? चिमीने फोन घेतला, गाडीचा आवाज ऐकव म्हणाली. ऐकवला. खूश झाली.

ऊन उतरलं

टाकीत काडी बुडवली. टोक ओलं झालं, तेवढंच.

बाई अजून नाहीत. त्यांच्या पायांनी उतरायचं, कॅन उचलून हा चढ चढायचा — हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही —

आवाज पातळ होतोय. बोटं गार पडलीत. खोलीच्या दाराला टेकून बसलोय, उठवत नाही. हाक मारून पाहिली, इंजिनाच्या आवाजात मलाच ऐकू आली नाही.

चिमे, तुझी चक्कर राहिली. आईचं ऐकत जा. नीट चाललेलं —

पुन्हा

आले! फाटक उघडलं!

बाई नाहीत. पंपवाला आहे. बाईंनीच स्कूटरवरून पुढे पाठवला असणार. दोन्ही हातांत कॅन. भरलेले. देव पावला. गाडीकडे बघून हसतोय —

मी त्याला दिसलो नाही. हात हलवतोय —

टाकीचं झाकण उघडलं. कॅन उचलला. थांबला. भिंतीकडे बघतोय.

फळा वाचतोय.

मान डोलावली. कॅन खाली ठेवला. गाडीच्या खिडकीतून आत हात —

अहो, नका, चा